तांबोला पहिल्यांदाच खेळताय? तिकीट वाचण्यापासून नंबर पुकारण्यापर्यंत सगळं सांगते

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवीन सोसायटीत राहायला आलेय, कोजागिरीला गच्चीवर तांबोला आहे, मी आयुष्यात कधी खेळले नाही, नेटवर बिंगो शोधलं तर भलतंच कार्ड दिसलं, आणि वर महिला मंडळाने सांगून ठेवलंय की डिसेंबरच्या गेट-टुगेदरला नंबर तुम्हीच पुकारायचे. तर खेळायचं कसं आणि पुकारायचं कसं, दोन्ही सांगा.

ताई, आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, ती म्हणजे हा खेळ "यायला" पाहिजे. तांबोल्यात डोकं लढवायला जागाच नाही. पिशवीतून नंबर निघतो, तो तुमच्या तिकिटावर असला तर खोडायचा, नसला तर गप्प बसायचं, बस. पत्त्यांसारखी चाल नाही, कॅरमसारखा हात नाही. शिकायच्या गोष्टी दोनच, नीट ऐकणं आणि वेळेत ओरडणं. मी बरीच वर्षं आमच्या सोसायटीत, भिशीत, हळदीकुंकवाला, लग्नाच्या संगीतला सुद्धा नंबर पुकारत आलेय आणि दरवेळी हेच बघते, नव्या माणसाचं बक्षीस नशिबाने जात नाही, ते उशीर केल्याने जातं. तिकीट पूर्ण झालेलं असतं, शेजारणीला विचारत बसतात "अहो हे झालं का हो माझं?" आणि तेवढ्यात पुढचा नंबर पुकारला जातो, गेलं बक्षीस. म्हणून खाली मी क्लेमवर, म्हणजे "माझं झालं" म्हणून बक्षीस मागण्यावर, जास्त लिहिलंय, तो भाग नीट वाचा.

आता ते भलतं कार्ड. तुम्ही नेटवर जे बघितलं ते अमेरिकन बिंगो. त्यात पाच बाय पाचचा चौकोन असतो, वर बी, आय, एन, जी, ओ अशी अक्षरं, मधला चौकोन फुकट आणि नंबर १ ते ७५. तिकडे १९२९ च्या सुमारास एडविन लो नावाच्या खेळणी विकणाऱ्या माणसाने तो प्रकार लोकप्रिय केला. आपल्याकडे खेळतात तो ९० नंबरवाला, इंग्लंडमध्ये पण हाच चालतो. मूळ इटलीचा, नेपल्सकडे अजून नाताळात घरोघरी तोंबोला खेळतात, त्यावरूनच आपला तांबोला. ब्रिटिश सैन्यात हाच खेळ हाऊजी नावाने फार आवडता होता आणि आपल्याकडे तो छावण्यांतून, जिमखान्यांतून, ऑफिसर्स क्लबांतून पसरला, म्हणून जुनी माणसं आणि आर्मीवाले अजून हाऊजीच म्हणतात. गोव्यात पण हाऊजीच, तिथे फेस्ताच्या दिवसांत, गावच्या क्लबच्या कार्यक्रमांत जोरात चालते. नाव काही असो, तिकीट तेच. तेव्हा नेटवरचे पाच बाय पाचचे नियम विसरून जा, कोजागिरीला त्यातलं काही उपयोगी पडणार नाही.

तिकीट हातात आलं की घाबरू नका. तीन आडव्या ओळी, नऊ उभे रकाने, म्हणजे २७ घरं. त्यातली फक्त १५ भरलेली, प्रत्येक ओळीत बरोबर पाच आकडे आणि चार घरं रिकामी. आणि आकडे कुठेही टाकलेले नसतात, पहिल्या रकान्यात १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९, तिसऱ्यात विशीतले, असं करत शेवटच्या रकान्यात ८० ते ९०. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं, कारण नंबर पुकारला की अख्खं तिकीट धुंडाळायचं नाही, थेट त्या रकान्यावर नजर. ५३ म्हटलं की सहावा रकाना, आहे किंवा नाही, एका सेकंदात कळतं. नवीन माणसं काय करतात, वरपासून खालपर्यंत पंधराच्या पंधरा आकडे वाचतात आणि तोवर पुढचा नंबर येतो, मग सगळी गाडीच चुकते.

एक तिकीट घेऊनच बघू या. रिकाम्या घरांच्या जागी मी रेघ देतेय:

४ – २३ – ४१ – ६७ – ८२
– १२ – ३५ ४८ – – ७१ ८६
९ १७ – – – ५३ – ७८ ९०

आता बक्षिसं याच तिकिटावर समजून घ्या. जल्दी फाइव म्हणजे तिकिटावरचे कुठलेही पाच आकडे सगळ्यात आधी ज्याचे खोडले जातील तो, ओळीबिळीचा संबंध नाही. टॉप लाइन म्हणजे ४, २३, ४१, ६७, ८२ हे पाचही. मिडल लाइन १२, ३५, ४८, ७१, ८६. बॉटम लाइन ९, १७, ५३, ७८, ९०. आणि पंधराच्या पंधरा झाले की फुल हाऊस, ते सगळ्यात मोठं बक्षीस, बऱ्याच ठिकाणी दुसरं फुल हाऊस पण ठेवतात म्हणजे पहिलं लागल्यावरही लोक उठून जात नाहीत.

फोर कॉर्नर्सला मात्र हमखास गोंधळ होतो. कॉर्नर म्हणजे कागदाचा कोपरा नाही. वरच्या ओळीतला पहिला आणि शेवटचा आकडा, खालच्या ओळीतला पहिला आणि शेवटचा आकडा. या तिकिटावर ते ४, ८२, ९, ९० असे आहेत आणि योगायोगाने कागदाच्या कोपऱ्यातच आलेत, पण समजा वरच्या ओळीत पहिलं घर रिकामं असतं आणि आकडा दुसऱ्या रकान्यात सुरू झाला असता तर तोच कॉर्नर धरायचा. रिकामं घर बघून "माझ्या तिकिटाला कॉर्नरच नाही" असं वाटून हिरमुसलेली माणसं मी पाहिलीत, तर तसं नसतं, प्रत्येक तिकिटाला चार कॉर्नर असतातच. काही ठिकाणी स्टार पण असतो, म्हणजे हेच चार कॉर्नर आणि मधल्या ओळीतला मधला म्हणजे तिसरा आकडा, आपल्या तिकिटावर ४८. टेंपरेचर म्हणजे तिकिटावरचा सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा, इथे ४ आणि ९०. शिवाय प्रत्येक मंडळाचे आपापले प्रकार असतात, त्यामुळे खेळ सुरू व्हायच्या आधी आज कुठली बक्षिसं आहेत ते विचारून तिकिटाच्या मागे लिहून घ्या. मी तर प्रत्येक वेळी लिहून घ्यायला सांगते, कारण अर्धे लोक फुल हाऊसची वाट बघत बसतात आणि त्यांचे कॉर्नर कधीच लागून गेलेले असतात, त्यांना पत्ताच नसतो.

आता क्लेम. समजा आतापर्यंत ५३, १२, ९० आणि ६७ हे तुमचे चार खोडून झालेत. पुकारणारी म्हणते "चार, नुसता चार". तुमचा पाचवा आकडा झाला. याच क्षणी, पेनाने खोडता खोडताच, मोठ्याने "जल्दी फाइव!" किंवा नुसतं "थांबा!" म्हणायचं आणि हात वर करायचा. खोडून झाल्यावर पुन्हा मोजून, शेजारी दाखवून, मग बोलू, असं नाही. नियम बहुतेक सगळीकडे हाच आहे की ज्या नंबरवर तुमचं पूर्ण झालं त्याच नंबरवर क्लेम करायचा. पुढचा नंबर, समजा ३३, पुकारला गेला की तो हक्क गेला. कॉर्नर, ओळी, फुल हाऊस, सगळ्यांना हेच लागू. पहिल्या खेळात हा नियम फार कडक वाटतो पण तो नसेल तर खेळ चालूच शकत नाही, दहा नंबर होऊन गेल्यावर कोणीतरी उठून म्हणेल माझी टॉप लाइन मघाशीच झाली होती, मग आधी कोणाची झाली ते शोधायचं कसं?

म्हणून माझी पद्धत सांगते, नव्यांना मी हीच शिकवते. एखाद्या ओळीत किंवा कॉर्नरमध्ये एकच आकडा राहिला की त्या आकड्याभोवती गोल करून ठेवा. म्हणजे वर ४, २३, ४१, ६७ झाले, ८२ राहिला, ८२ ला गोल. तो गोल केलेला आकडा ऐकू आला की विचार करायचा नाही, थेट ओरडायचं. मोजणी आधीच झालेली असते, त्यामुळे चुकत पण नाही आणि उशीर पण होत नाही. फुल हाऊसला दोन-तीन आकडे राहिले की ते मनात घोकत राहा. आणि आवाजाची लाज बाळगू नका. गच्चीवर वारा असतो, पोरं धावत असतात, मसाला दुधाचे ग्लास फिरत असतात, तिथे हळू आवाजात "अहो ऐका ना" म्हटलेलं कोणाला ऐकू येत नाही.

क्लेम चुकीचा निघाला तर त्याला बोगी म्हणतात. कडक ठिकाणी बोगी झाली की ते तिकीटच बाद, पुढची सगळी बक्षिसं गेली. काही ठिकाणी फक्त त्या बक्षिसापुरतं बाद करतात. माझं मत विचाराल तर लहान मुलं आणि पहिल्यांदा आलेली माणसं यांना एक बोगी माफ करावी, नाहीतर ती पोरं रडवेली होऊन बसतात आणि सगळ्यांचाच मूड जातो, पण हे आधी जाहीर करून माफ करावं, मधेच कोणाचं तोंड बघून नाही. आणि तुम्ही खेळणार असाल तेव्हा बोगीच्या भीतीने गप्प बसू नका. क्लेम केल्यावर तुम्हालाच तिकीट वाचून दाखवायला लावतात किंवा पुकारणारी बोर्डावर, म्हणजे निघालेले नंबर मांडायच्या १ ते ९० च्या पाटीवर, ताडून बघते, चूक असेल तर कळेलच.

किती तिकिटं घ्यायची? पहिल्या दिवशी एक, फार तर दोन. गणित सरळ आहे, ६० तिकिटं खेळात असतील तर एका तिकिटाला फुल हाऊसचा चान्स साठात एक, दोन घेतली तर साठात दोन. चान्स वाढतो हे खरं पण कान आणि नजर दुप्पट लागते, आणि एक नंबर सुटला तर सगळं फुकट. मुरलेल्या बायका सहा-सहा तिकिटं लीलया सांभाळतात, ती सवयीची गोष्ट आहे. हो, सहाचं एक सांगायचं राहिलं, चांगल्या छापील तांबोल्यात सहा तिकिटांची एक पट्टी असते आणि त्या सहा तिकिटांत मिळून १ ते ९० सगळे आकडे एकेकदाच येतात. म्हणजे अख्खी पट्टी एका कुटुंबाने घेऊन आजी, आजोबा, पोरं सगळ्यांत वाटली तर निघालेला प्रत्येक नंबर त्या घरात कोणाकडे तरी असतोच. लहान मुलांना हे फार आवडतं, कारण आपल्याकडे काही निघतच नाही म्हणून कंटाळायला वेळच मिळत नाही.

लकी तिकीट निवडणं वगैरे आनंदासाठी करा, मी पण नातीला तिच्या वाढदिवसाची तारीख असलेलं तिकीट शोधून देते. पण फुल हाऊससाठी सगळी तिकिटं सारखीच, पंधरा आकडे ते पंधरा आकडे. आणि "सत्तरीतले बऱ्याच वेळात निघाले नाहीत, आता निघतीलच" असं काही नसतं, पिशवीत उरलेल्या प्रत्येक नंबराला पुढचा निघायचा चान्स सारखाच असतो.

बसायची जागा मात्र महत्त्वाची. पुकारणारीचा आवाज थेट येईल आणि बोर्ड दिसेल अशी. सोबत पेन आणि खाली धरायला एखादं पॅड किंवा जुनी वही आणा, गच्चीवर मांडीवर ठेवलेलं पातळ तिकीट भोक पडून फाटतं आणि चांदणं कितीही छान असलं तरी त्या उजेडात बारीक आकडे दिसत नाहीत, म्हणून ट्यूबलाइटखाली बसा. खोडताना एकच तिरकी रेघ मारा, खालचा आकडा दिसला पाहिजे. गिरवून काळा केला तर तपासताना वाचता येत नाही आणि वाद होतो.

आता डिसेंबर. पुकारणं हे खेळण्यापेक्षा जास्त जबाबदारीचं काम आहे आणि मला मनापासून वाटतं की अख्खा खेळ रंगतो किंवा पडतो तो पुकारणाऱ्यामुळे. सुरुवात आदल्या दिवशी होते. पिशवीतली सगळी नाणी, म्हणजे नंबर लिहिलेल्या चकत्या, बोर्डावर मांडून १ ते ९० आहेत का बघा. जुन्या सेटमध्ये एखादं हरवलेलं असतंच, सोफ्याखाली गेलेलं असतं, आणि ते ज्या तिकिटावर आहे त्या बिचाऱ्याचं फुल हाऊस कधी होणारच नाही. हरवलं असेल तर पुठ्ठ्याचं कापून करू नका, हाताला वेगळं लागतं, त्या दिवशी मोबाइल ॲप वापरा किंवा सगळेच्या सगळे ९० नंबर सारख्या कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहा. तिकिटं पण बघून घ्या, कधीकधी बाजारात मिळणाऱ्या वह्यांत एकच तिकीट दोनदा छापलेलं निघतं, मग दोघांचं फुल हाऊस एकदमच लागतं.

नंबर काढायच्या आधी तीन गोष्टी मोठ्याने सांगायच्या: बक्षिसं कुठली, बोगीला काय होणार, आणि एकाच नंबरवर दोघांनी क्लेम केला तर काय. शेवटच्यासाठी बहुतेक ठिकाणी बक्षीस वाटून देतात, पैसे असतील तर सोपं, पण डबा किंवा नाइट लॅम्प असेल तर वाटणार कसा? म्हणून एक-दोन छोट्या वस्तू जादा आणून ठेवा. हे आधी सांगितलं नाही तर नंतर जो निर्णय द्याल तो कोणाला तरी पक्षपात वाटेल, आणि सोसायटीत अशा गोष्टी लोक वर्षभर लक्षात ठेवतात.

नंबर पुकारताना पूर्ण आकडा आणि मग सुटे आकडे. "सदुसष्ट, सहा सात." हे फार गरजेचं आहे. आपले मराठी आकडे ऐकायला इतके जवळजवळ आहेत, त्रेपन्न-त्रेसष्ट, एकोणसाठ-एकोणसत्तर, सदुसष्ट-सत्त्याहत्तर, आणि इंग्लिश मीडियमच्या मुलांना तर एकोणऐंशी म्हणजे किती हे चटकन येत नाही. इंग्लिशमध्ये पुकारलं तरी तेच, थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी माइकवर सारखेच ऐकू येतात. सुटे आकडे सांगितले की हा गोंधळच राहत नाही. मग नाणं बोर्डावर ठेवायचं, आठ-दहा सेकंद थांबायचं, सगळीकडे एक नजर फिरवायची आणि मगच पुढचं. घाई करू नका. ज्येष्ठ मंडळी असतील तर अजून दोन-चार सेकंद द्या, आणि दर दहा नंबरांनी आतापर्यंत निघालेले एकदा वाचून दाखवा.

आणि मजा आणायची तर नंबराला खूण लावायची. इंग्लंडमध्ये याची मोठी परंपरा आहे, ११ ला लेग्ज इलेव्हन, २२ ला टू लिटल डक्स, ८८ ला टू फॅट लेडीज. ही ८८ वाली मी कधीच वापरत नाही, समोर बसलेल्या एखादीला लागतं, कोणाच्या अंगकाठीवरून, रंगावरून, वयावरून काही बोलायचं नाही हा माझा नियमच आहे. आपल्याकडे मसाला काय कमी आहे? १६ सोमवारांचा, २१ मोदकांचा, २७ नक्षत्रांचा, ५२ पत्त्यांचा, ६४ कलांचा, १० सचिनचा, ४५ रोहितचा, ८३ कपिलच्या वर्ल्ड कपचा, ५८ राज्य सरकारी रिटायरमेंटचा, ६० महाराष्ट्राच्या जन्माचा, ७४ शिवराज्याभिषेकाचा. ३६ आला की मी "एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले" एवढंच म्हणते आणि अख्खी गच्ची "छत्तीस!" ओरडते. क्रम असा ठेवा, आधी खूण, मग नंबर, मग सुटे आकडे: "बाप्पाचे मोदक, एकवीस, दोन एक." प्रत्येक नंबराला नको, चार-पाच नंबरांतून एकदा पुरे. आणि खुणेत दुसरा आकडा येऊ देऊ नका. ४७ साठी "पंधरा ऑगस्ट सत्तेचाळीस" म्हटलं की चार जण १५ पण खोडून बसतात, मग पुढे बोगीवर बोगी. तिथे नुसतं "देश स्वतंत्र झाला, सत्तेचाळीस, चार सात" म्हणा.

क्लेम आला की सगळ्यात आधी पिशवीतला हात बाहेर काढायचा. मग क्लेम करणाऱ्याला आकडे मोठ्याने वाचायला सांगायचे, एकेक बोर्डावर बघायचा, आणि न विसरता तपासायचं की शेवटी पुकारलेला नंबर त्या ओळीत किंवा कॉर्नरमध्ये आहे का. नसेल तर क्लेम उशिराचा आहे, द्यायचा नाही, अध्यक्षांच्या घरचं तिकीट असलं तरी. हे तपासणं बरेच जण विसरतात. आणि बक्षीस देऊन टाकायच्या आधी "याच नंबरवर अजून कोणाचं आहे का" हे दोनदा विचारा. स्वतः पुकारत असाल तर स्वतः तिकीट घेऊ नका, घरच्यांनी घेतलं तर चालतं पण मग त्यांचा क्लेम दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्या.

बक्षिसं कुठली ठेवायची यावर जरा सविस्तर सांगते, कारण इथे बहुतेक मंडळं चुकतात. ६० च्या आसपास तिकिटं असली की साधारण असं होतं: जल्दी फाइव दहा-बारा नंबरांत लागतं, फोर कॉर्नर्स तिशीच्या आसपास, तिन्ही ओळी चाळिशीच्या मागेपुढे, आणि फुल हाऊस थेट पासष्ट ते बहात्तरच्या दरम्यान. नंबर दोन-पाच इकडेतिकडे होतात पण अंतर असंच राहतं. म्हणजे बघा, शेवटची ओळ लागली की पुढे पंचवीस-तीस नंबर काहीच लागत नाही, आणि नेमके तेव्हाच लोक गप्पा मारायला लागतात, पोरं उठून जातात. म्हणून मधे एक "दोन ओळी" असं बक्षीस ठेवा, कुठल्याही दोन ओळी एकाच तिकिटावर पूर्ण. ते पंचावन्नच्या जवळपास लागतं, बरोबर त्या रिकाम्या वेळात. इंग्लंडच्या बिंगो हॉलमध्ये तर खेळच असा असतो, एक ओळ, दोन ओळी, फुल हाऊस. आपल्याकडे हे फारसं कोणी ठेवत नाही, पण मी सुरू केल्यापासून मधली चुळबुळ थांबली.

ब्रेकफास्ट, लंच, डिनर हा प्रकार मात्र मला पटत नाही. त्यात पहिले तीन रकाने म्हणजे ब्रेकफास्ट, मधले तीन लंच, शेवटचे तीन डिनर. वरच्याच तिकिटावर मोजा, ब्रेकफास्टला पाच आकडे, लंचला चार, डिनरला सहा. प्रत्येक तिकिटावर हे वेगळं असतं, म्हणजे कोणाला चार खोडून बक्षीस आणि कोणाला सहा खोडून पण नाही. नशिबाचा खेळ असला तरी सुरुवात सगळ्यांची सारखी पाहिजे. ओळींत तसं नाही, पाच म्हणजे पाच.

वाटणीचं एक उदाहरण देते. १२०० रुपयांच्या वस्तू आणायच्या असतील तर जल्दी फाइव आणि कॉर्नरला शंभर-शंभरची, तीन ओळींची तीन आणि "दोन ओळी"चं एक मिळून चार बक्षिसं दीडशे-दीडशेची, आणि फुल हाऊसला चारशेची. दोनशे, सहाशे, चारशे, झाले बाराशे. सगळं फुल हाऊसवर ओतू नका, छोटी बक्षिसं जास्त ठेवली की जास्त घरांत काहीतरी जातं.

पैशांबद्दल माझा सल्ला असा की तिकीट फुकट ठेवा आणि बक्षिसं मंडळाच्या फंडातून वस्तूंची द्या. पैसे लावून नशिबाचा खेळ चालवला की तो जुगारात मोडण्याचा प्रश्न येतो, महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून आहे, कशाला नसतं लचांड? आणि तांबोल्याच्या नावाने पैसे भरायला लावणाऱ्या ॲपच्या लिंक ग्रुपवर आल्या तर त्यावर जाऊ नका, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून बंदी घातलीय. घरच्या घरी व्हिडिओ कॉलवर, लॉकडाऊनमध्ये सगळे खेळायचे तसं, मजेने खेळायला काहीच हरकत नाही, परदेशातली मुलं, नातवंडं पण येतात. फक्त तिथे क्लेम बोलून नाही, ग्रुपवर लिहून घ्या, कारण आवाज मागेपुढे पोचतो आणि कोण आधी बोललं ते ठरवता येत नाही, आणि नंबरांमध्ये वेळ थोडा वाढवा.

एका राउंडला तपासणी, हसणंखिदळणं धरून पंचवीस-तीस मिनिटं लागतात. डिसेंबरच्या कार्यक्रमात दोन राउंड ठेवा, पहिला जेवणाच्या आधी, दुसरा नंतर. पहिल्या राउंडआधी दहा नंबरांचा एक खोटा खेळ घ्या, बिनबक्षिसाचा, त्यात नवीन लोकांकडून मुद्दाम एकदा "थांबा!" ओरडून घ्या. एकदा तोंड उघडलं की पुढे संकोच राहत नाही. कोजागिरीला तुमच्याकडे असं कोणी घेणार नसेल तर घरी मुलांबरोबर वरचंच तिकीट वहीत लिहून, चिठ्ठ्या काढून एक राउंड करून बघा. त्यात काही अडलं तर इथेच विचारा, तुमच्या मंडळाची बक्षिसांची यादी पण टाका, मी बघून सांगते.